निळीची रेघ

माय, काल नातीच्या नव्या घरात एक पोरगी आली होती. भिंतींना कोणते रंग द्यायचे, पडदे कसले लावायचे, हे सांगणं हाच तिचा धंदा आहे. नवीन जालन्यात आता अशी माणसं मिळतात. नातीला एकच भिंत गडद निळी हवी होती आणि बाकीचं घर पांढरं. ती पोरगी म्हणाली, “मग हा निळा घरात सगळीकडे थोडा थोडा फिरवावा लागेल, आजी. नाहीतर ती भिंत परक्याची वाटेल.” मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तुझं नाव-गाव तिला माहीत असायचं कारण नाही, पण ती बोलत होती ते तुझंच होतं. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न फिरतो आहे. इतकी वर्षं तो मला पडलाच कसा नाही, याचंच नवल वाटतं.

हसनाबादजवळचं आपलं घर तसं चारचौघांसारखंच, मातीच्या भिंतींचं. नवरात्राच्या आधी गावातली प्रत्येक बाई पदर खोचून भिंतींना भिडायची. तू पांढरी माती मोठ्या घंगाळात भिजत घालायचीस, गेरू वेगळ्या हंडीत. त्या घंगाळाला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, कारण मातीचा घोळ एकदाच कालवला जायचा आणि अख्खं घर त्याच घोळात पोतून निघायचं. खाली जमिनीलगत गेरूचा वीतभर पट्टा. तो देव्हाऱ्यापासून निघायचा, चुलीमागून माजघरात, दोन्ही खोल्यांतून ओसरीवर आणि तिथून थेट गोठ्यात जाऊन थांबायचा. यात नटण्यामुरडण्याचा भाग थोडाच. आपल्या गावात भाऊ वेगळे झाले की दोघांच्या बायका वेगवेगळा घोळ करायच्या, आणि मग एकाच घराच्या भिंती दोन रंगांच्या दिसायच्या. कुणाची चूल वेगळी झाली हे कुणाला विचारावं लागत नसे. लोक रस्त्यानं जाताजाताच भिंत बघून समजायचे.

आणि एका वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, काकूनं आपल्या खोलीला निळा रंग दिला. ती लग्न होऊन आली त्याला फार वर्षं झाली नव्हती. तीर्थपुरीची, बाजाराच्या गावातली, तोंडानं फटकळ आणि हातानं चपळ. काका सरकी घेऊन जालन्याला गेला तेव्हा तिनं त्याच्याकडून धोतरांना घालायची नीळ मागवली होती. आपण सगळे शेतात असताना तिनं ती चुन्यात कालवली आणि दुपारभरात खोली रंगवून मोकळी झाली. मी दारात उभी आहे, अजूनही उभीच आहे असं वाटतं. खोली गार दिसते आहे, भिंती ओल्या आहेत, आणि काकूच्या कोपरापर्यंत निळे ओघळ आले आहेत. मला ती खोली फार आवडली होती, पण बापापुढं तसं म्हणायची सोय नव्हती, आणि आबा मागून येत होते.

आबांचा आवाज तुला आठवत असेलच. “हे कुनी केलं? गावाला काय सांगायचं हाय, भाऊ येगळे झाले म्हनून? बिलकुल चालायचं न्हाई. जल्दी पोतून टाका.” काका थोरल्या भावासमोर मान खाली घालून खांबाला टेकून उभा होता. काकू मान वर करून म्हणाली, “माह्या खोलीचा रंग मला आवडन तसा. त्यात कुनाचं काय गेलं?” मग शब्दानं शब्द वाढत गेला. काका म्हणाला नको ते, आबा म्हणाले त्याहून नको ते, आणि शेवटी आबांनी विचारलं, “मंग करायची का वाटनी? सांग की बराबर तोंडावर!” मला रडू फुटलं. वाटणी म्हणजे काय हे मला नीट कळत नव्हतं, पण काकू जाणार, तिचं तान्हं बाळ जाणार, गोठ्यातली अर्धी जनावरं जाणार, एवढं कळत होतं. घरोघरी मातीच्या चुली असतात हे खरं, पण आपली एकच होती आणि ती त्या संध्याकाळी फुटायच्या बेतात होती.

तेवढ्यात तू खोलीत गेलीस, भिंतीला बोट लावलंस, बोटाकडे पाहिलंस आणि काकूला विचारलंस, “उरलाय का गं?”

“काय?”

“रंग. उरलाय का थोडा?”

काकूनं गडबडून कोपऱ्यातलं मडकं दाखवलं. तू ते उचललंस, कडुनिंबाच्या काडीचं टोक दातानं चावून मऊ केलंस, आणि देव्हाऱ्यापाशी फतकल मारून बसलीस. गेरूच्या पट्ट्यावर एक बारीक निळी रेघ. तशीच पुढं चुलीमागं, माजघरात, आपल्या खोलीत. आबा ओरडायचे थांबले, कारण कुणावर ओरडायचं तेच त्यांना कळेना. काकूच्या खोलीत शिरलीस तेव्हा तिथल्या निळ्या भिंतीखाली उलट गेरूचा पट्टा ओढलास, आपल्याच हंडीतला. मग ओसरी, मग गोठा. कणगीच्या मागं तर हातसुद्धा पुरत नव्हता, तरी तू आडवी होऊन रेघ तिथवर नेलीस. मी विचारलं, “माय, इथं कोन बघतंय?” तू म्हणालीस, “मी बघून राह्यले की.”

जेवताना आबांनी कुरकुर केलीच. “समद्या घराला निळं कामून फासलं?” तू भाकरी वाढत म्हणालीस, “एकाच जागी असलं तर डाग दिसतो. समदीकडं असलं की शोभा दिसती.” काका हसला. मग आबाही हसले, अगदी नाइलाजानं. नवरात्रात बाया हळदीकुंकवाला आल्या आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. वाटणीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या दोन घरांवर निळ्या रेघा उमटल्या. निजामाचं राज्य गेलं, गावातलं बरंच काही बदललं, पण तू होतीस तोवर घरात चूल एकच राहिली.

ही गोष्ट मी माझ्या सुनांना तुझ्या शहाणपणाची म्हणून सांगत आले. मायनं काडीएवढ्या रेघेनं घर बांधून ठेवलं, असं म्हणायचे आणि वर त्यांना दोन टोमणेही मारून घ्यायचे. तू गेल्यावर कधीतरी काकूपाशी बसले होते. ती थकली होती, पण जीभ तशीच धारदार. मी म्हटलं, “काकू, तुम्हाला गावची रीत ठाव नव्हती म्हणून तेवढं रामायण झालं.” ती खो खो हसली. “ठाव नव्हती? अगं, तुह्या काकानं लग्न झाल्या झाल्या सांगितल्ती. मला येगळंच व्हायचं व्हतं, म्हनून तर निळा लावला. तोंडानं म्हनायची हिंमत न्हवती, तवा भिंतीला म्हनायला लावलं. आन तुही माय आली, तिनं माहा रंग उचलून समद्या घराला लावला. आता मी येगळी कशानं दिसनार, सांग बरं?” मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “बरं झालं म्हना. त्या बाईवाचून माहे दिवस गेले नसते.”

माय, तुला हे ठाऊक होतं का? काकूच्या मनातलं ओळखून तू तिच्या हातातलं हत्यार काढून घेतलंस, की तुला त्यातलं काहीच कळलं नव्हतं? तू बेरकी होतीस की भोळी? काल रात्रीपर्यंत मी पहिल्या बाजूनं होते. पण आज तुझं ते विचारणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं आहे, “उरलाय का गं?” घर वाचवायला निघालेली बाई अशा आवाजात विचारत नाही. जत्रेत दुसऱ्या पोरीच्या हातातले बत्तासे बघून पोर विचारतं, तसा तो आवाज होता. जन्मभर तू पांढरी माती आणि गेरू यांच्यापलीकडे गेली नव्हतीस, आणि तुला कुणी विचारलंही नव्हतं. आपलं घर तुझ्या हुशारीनं राहिलं असेल तर मला तुझा अभिमान आहे. पण ते तुझ्या एका हौसेपायी राहिलं असेल, तर मला त्याहून जास्त आनंद होईल. तसंच असावं असं मला फार वाटतं.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हा कागद कुठं धाडायचा हा प्रश्नच नाही. माझ्या लुगड्यांच्या घडीत राहील. एवढं मात्र सांगून ठेवते. त्या पोरीनं रंगांचे तुकडे मांडले तेव्हा नातीनं मला विचारलं, “आजी, पणजीला कोणता रंग आवडायचा गं?” मी लगेच म्हटलं, “निळा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ठाऊक नव्हतं, माय. मी अंदाजानं सांगितलं.