माशाचा मिटलेला डोळा

अब्बा, काल पानशेतच्या एका हॉटेलवाल्याने मी काढलेल्या फोटोतल्या माशाचा डोळा उघडून मागितला, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. "मॅडम, ह्यो मासा झोपलाय व्हय? लोकं जेवताना त्याच्याकडं बघणार, मग त्यानं बी बघाया नगं?" भिंतभर मोठा फोटो हवाय त्याला. तुम्ही असता तर एव्हाना ब्रश ओला करून बसला असता. आपल्या भोरच्या स्टुडिओत आता ब्रश नाही, कॉम्प्युटर आहे. काम दहा मिनिटांचं, पण हात चालेना.

आधी मासा सांगते. लग्नाचे फोटो काढायला मी मालदीवला जाते. हो, लोक आता बेटावर जाऊन लग्न करतात, हसू नका. काम संपलं की एक दिवस मी माझ्यासाठी ठेवते, आणि यंदा त्या दिवशी व्हेल शार्क दिसला. नाव शार्कचं, पण कुणाला चावत नाही. एसटीएवढा लांब, अंगभर पांढरे ठिपके, तोंड उघडं ठेवून पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी आणि हातात पाण्यात चालणारा कॅमेरा घेऊन मी त्याच्या बाजूने पोहत होते. भाटघरच्या धरणात पाठीवर डबा बांधून तुम्ही शिकवलेलं पोहणं तिथे कामी आलं. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, लांब राहायचं, असं होडीवाल्याने बजावलं होतं. मी लांबच होते. निदान मला तसं वाटत होतं. एवढ्या अवाढव्य अंगाला डोळा लिंबाएवढा. तो माझ्याकडे वळला, मी बटण दाबलं, आणि फोटोत बघते तर डोळा गायब, वर नुसती पांढरट कातडी! होडीवाला म्हणाला, ह्याला पापणी नसते, काही जवळ आलं की हा अख्खा डोळाच आत ओढून घेतो. म्हणजे मला घाबरला का? की मी त्याच्या खिजगणतीतही नव्हते, आणि तो डोळा माझ्यासाठी मिटलाच नव्हता? काही कळत नाही.

मिटलेले डोळे उघडणं हे तुमचं काम. वेल्ह्याकडच्या गावांतून बोलावणं यायचं. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असायचं आणि जन्मात त्याचा एक फोटो निघालेला नसायचा. तुम्ही जाऊन फोटो घ्यायचात आणि मग प्रिंटवर बारीक ब्रशने डोळे उघडे काढायचात. आपल्या घरात अम्मी भिंतीवर एकही तसबीर लावू द्यायची नाही, आणि तिकडे अख्ख्या खोऱ्याच्या भिंतींवर तुम्ही काढलेले डोळे. एक दिवस तिकडच्याच पालीच्या एक आजी नवऱ्याचा फोटो न्यायला आल्या. मी काउंटरमागे अभ्यास करतेय. आजी फोटो घेऊन दाराच्या उजेडात जातात, बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "ह्यांनी माज्याकडं असं कवाच बघितलं न्हाई." तुमचा चेहरा उतरतो. "बदलून देऊ का आजी? पुढच्या बाजारला या." "नगं. हाय त्ये ऱ्हाऊ द्या," असं म्हणून आजी फोटो पदराखाली धरतात आणि एसटी गाठायला निघून जातात. त्या रागावल्या की खूश झाल्या, असं मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "मला बी न्हाई कळलं, पोरी." मला तुमचा रागच आला. माणसांचे चेहरे तुम्हाला कळत नसतील तर कुणाला कळणार?

आणि माझा चेहरा? माझ्याकडे तुम्ही बघायचात ते कॅमेऱ्यातून. हनुवटी वर, खांदा सरळ, हलू नको. तुमचं माझ्यावर प्रेम होतं, ते मला ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅमेरा बाजूला ठेवून तुम्ही माझ्याकडे नीट बघितलं होतं का, ते आठवत नाही, आणि आता विचारायची सोय नाही. त्या माशाने माझ्याकडे बघायला हवं होतं, अब्बा. या वयात हे बोलणं मला शोभत नाही, पण फार वाटलं होतं. पाण्यातून वर आल्यावर मी रडले. होडीवाल्याला वाटलं, खारं पाणी नाकात गेलंय.

हॉटेलवाल्याला मी मिटल्या डोळ्याचाच फोटो पाठवला. तो असाच असतो म्हणून कळवलं, भांडला तर भांडू दे. हे लिहिलेलं मात्र कुठेच पाठवायचं नाही, अम्मीलाही वाचून दाखवायचं नाही. कारण फोटो पाठवून झाल्यावर मी दार लोटून घेतलं आणि दुसऱ्या प्रतीवर तो डोळा उघडला. नीट, काळाभोर, सरळ माझ्याकडे बघणारा. ही प्रत मी कुणाला देणार नाही. डोळा खोटा आहे, मीच काढलाय. लाज वाटते अब्बा, पण तो बघतो तेव्हा मला बरं वाटतं.