गोलरेषा सरळच होती

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग आहे असं मनानं समजून घ्यावं. वाकलं की डाव्या बरगडीत कळ येते, त्याचं कारण पुढं येतंच आहे.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? अवजारांच्या खोलीचं छप्पर गळत होतं ते शाकारलंत का? अक्षर फार बारीक आलंय, त्याबद्दल रागावू नका. घरात कागद एकच उरला होता आणि सांगायचं पुष्कळ आहे. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण खरं सांगायचं तर गेले चार दिवस मला घास गोड लागत नाही.

शनिवारी मी तुमच्या मैदानावर येऊन गेलो. हो, मीच. न कळवता, आणि तेही पाहुण्या संघाच्या बाजूनं ओरडायला. बावीस वर्षं आमच्या फुटबॉलच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारतोय, पण सामना असा बसून कधी पाहिला नाही; सामन्याच्या दिवशी मी आपला बादली घेऊन कोपऱ्यात उभा. यावेळी सामना तुमच्याकडे, म्हणून आमचे शेजारचे बेकरीवाले हट्टालाच पेटले, तिकीटच हातात कोंबलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण मी या क्लबात नोकरी धरली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, की यापुढं माझ्या मैदानात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन. मामी म्हणतात ती गंमत होती. असेलही, पण बावीस वर्षांत खात्री करून घ्यायचा धीर मला झाला नाही.

तर क्लबचा मफलर स्वेटरच्या आत गुंडाळून (बेकरीवाल्यांनी बाहेर मिरवला, त्यांना दोन गल्ल्यांत मिळून सात शिव्या पडल्या, मी मोजल्या) आम्ही फाटकाशी पोचलो. तिथं खिसे रिकामे करायला लावत होते. माझ्या खिशात काय निघणार? सुतळीचं भेंडोळं आणि दोन खुंट्या. फाटकावरच्या माणसानं एकेका खुंटीचं टोक बोटानं दाबून पाहिलं आणि विचारलं, या कशासाठी. मी म्हणालो, सरळ रेषेसाठी. खरं बोललो आणि फसलो. खुंट्या जप्त झाल्या आणि मला भिंतीकडेला उभं केलं. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात तुम्ही फक्कीची गाडी ढकलत समोरून आलात. आधी मी तोंड भिंतीकडे केलं. मग विचार केला, तंगडं मोडलं तर मोडलं, पण मामा आपल्याला इथून सोडवतील, म्हणून एक पाऊल पुढं झालो. तुम्ही पाच पावलांवरून थेट माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "अहो, पाहुण्यांचं फाटक पलीकडं आहे, इथं गर्दी करू नका." अहो म्हणालात, मामा. जन्मल्यापासून मला गाढवा म्हणत आलात आणि त्या दिवशी अहो. एवढा राग धरला असेल असं वाटलं नव्हतं. मी मुकाट्यानं पलीकडं गेलो.

आमची जागा गोलाच्या मागं, जाळीच्या आड. तुमच्या लोकांनी ती बहुधा मुद्दाम तशी ठेवलीय, समोरचं धड काही दिसत नाही आणि पाठीमागच्या शौचालयाचं सगळं कळतं. सामना सुरू झाला. सगळे चेंडू बघत होते, मी रेषा बघत होतो. शिंपी लग्नात गेला तरी शिवण बघतो, तसं आहे ते. माझ्या शेजारी आमचा भोंगा बसला होता. (भोंगा म्हणजे गॅस दुरुस्तीवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल का, शंका आहे.) मध्यंतराच्या जरा आधी तो अख्ख्या कठड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, की त्या गोलरेषेला बघा पोट सुटलंय, मारणारा झोपेत होता की काय. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, रेषा सरळ आहे, अशी सरळ रेषा तुझ्या सात पिढ्यांनी पाहिली नसेल. आता हे बोलायची काही गरज होती का? पण ज्या माणसानं मी सहा वर्षांचा असताना सुतळीचं टोक हातात देऊन "ताणून धर, श्वाससुद्धा घेऊ नकोस" म्हणत मला रेषा शिकवली, त्याला झोपाळू म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. भोंग्यानं विचारलं, तू नक्की कुणाचा? मागून कुणीतरी म्हणालं, हा त्यांचाच, फाटकावर त्यांच्या माळ्याशी बोलत होता. मग मला कुणी ढकललं ते माहीत नाही. बेकरीवाल्यांनी माझा स्वेटर धरला होता, तो धरण्यासाठी की ढकलण्यासाठी, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. मी कठड्यावरून पलीकडे तुमच्या लोकांत बरगडीवर पडलो.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण तुमच्या माणसांनी मला उचललं, पाणी पाजलं, आणि एका आजीबाईंनी, त्यांचे लोक फार वाईट हो, असं म्हणत स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला. त्यांचे म्हणजे आमचे. आता आत एक मफलर, बाहेर दुसरा, घामानं मी निथळतोय, आणि स्वेटर काढायची सोय नाही. जागा मात्र अशी मिळाली, की गोलरेषा डोळ्यांच्या अगदी सरळ समोर.

तुम्ही एका गोलनं पुढं होतात. शेवटची सात मिनिटं राहिली असताना आमच्या पोरानं चेंडू मारला, तो आडव्या खांबाला लागून खाली आपटला आणि तुमच्या गोलरक्षकानं तो झडप घालून बाहेर ओढला. लाइनमननं मान हलवली. चेंडू रेषेला टेकला होता, गोल नाही. तुमची माणसं आनंदानं मला कवटाळायला लागली, आजीबाईंनी तर बरगडीवरच कवटाळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आम्ही हरलो, स्पर्धेतून बाहेर गेलो, आणि मी कुणाच्या बाजूनं रडायचं हे न ठरवता बसून राहिलो.

सोमवारी आमच्या क्लबनं तक्रार केली. सेक्रेटरींनी मला बोलावलं, म्हणाले, तुम्ही या कामातले जाणते, तुम्ही तिथं होतात, रेषा कशी होती ते लिहून द्या. मी लिहून दिलं: गोलरेषा सरळच होती. खाली सही केली आणि दोन पेले पाणी प्यायलो. तेव्हापासून भोंगा माझ्याशी बोलत नाही आणि बेकरीवाले मला कालचा पाव देतात. तरी पुढच्या बुधवारी दहा वाजता लीगची दोन माणसं टेप घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. वाकडी निघाली तर मैदान सांभाळणारा बदला, असं सांगणार आहेत म्हणे. तुम्हाला आधी कळावं, एवढ्याचसाठी हे पत्र. मामींना नमस्कार, आणि तुमचा राग उतरला असेल तेवढाच आशीर्वाद पाठवावा.

तुमचा भाचा

ता. क. – फाटकावरच्या माणसाकडून माझ्या खुंट्या सोडवून ठेवा. त्या तुम्हीच तासून दिलेल्या आहेत.

ता. क. दुसरा – रेषा सरळ नव्हती. दोन खांबांच्या मध्ये ती जाळीकडे चार बोटं फुगली होती. चेंडू आत गेला होता, मामा. माझ्याइतकं नीट कुणीच पाहिलं नसेल. बावीस वर्षांत रेषेबद्दल मी पहिल्यांदा खोटं बोललो आणि परत विचारलं तरी तेच बोलेन.

ता. क. तिसरा – तुमचा राग किती आहे हे विचारायला मी रविवारी मामींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, राग कसला, तू आला होतास हेच त्यांना माहीत नाही. घरी येऊन सांगत होते, कुणी एक गृहस्थ फाटकात वाट अडवून उभे होते. मी फोन ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसलो. तुम्ही रागावला असतात तर फार बरं झालं असतं.

ता. क. चौथा आणि शेवटचा – कागद एकच उरला होता हे खोटं आहे. घरात अख्खी वही पडलीय. अक्षर मी मुद्दाम बारीक काढलंय. तुम्ही हे स्वतः वाचत असाल तर मी मूर्ख, वरचं सगळं मागं घेतो, भेटल्यावर तंगडं मोडा. पण मामी वाचून दाखवत असतील (मामी, थांबू नका, पुढं वाचा), तर मी परत फोन करून सांगितल्यावरून डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ त्यांनी घेतलेली आहे आणि तुम्ही जायचं आहे. येत्या रविवारी पहिल्या बसनं मी येतोय. अवजारांच्या खोलीची किल्ली काढून ठेवा. जुनी फक्की झाडून रेषा मी मारीन, डोळा बरा होईपर्यंत दर आठवड्याला मारीन, कुणाला सांगायचं कारण नाही. तुम्ही फक्त सुतळीचं टोक ताणून धरा. श्वास घेतलात तरी चालेल.