तुझ्या गाडीची काठी

छावणी, औरंगाबाद
१९ एप्रिल १९९२

चि. बन्सीस,

द्वारकाअक्काचा आशीर्वाद. (या खेपेला निम्माच पाठवते आहे. उरलेला निम्मा तू गाडी परत नेशील तेव्हा हातात देईन.) उमाच्या पाठीला आता कसं आहे? तिला सांग, पुण्याच्या डॉक्टरांच्या पट्ट्याबिट्ट्यावर विश्वास ठेवू नको, निर्गुडीचा पाला गरम करून बांध. धाकट्याचे दात आले का? इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. क्षेम काही नाही. आठ दिवस झाले, माझ्या छातीतली धडधड कमी होत नाही, आणि तिचं कारण तू आहेस.

नवी मोटार घेतलीस, जुनी बहिणीला दिलीस, सगळ्या भावकीत तुझं नाव झालं. मलाही कौतुक वाटलं. पण देताना तू त्या गाडीत कसलं भूत बसवून दिलंस ते कुणी विचारलं नाही. गाडीची मला भीती नव्हती. चार चाकं, एक भोंगा, कळण्यासारखं काम. पण तो परदेशातून आणलेला रेडिओ! तू दोन तास तुझ्या दाजींना शेजारी बसवून शिकवलंस आणि ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. अरे, पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी साहेबापुढे अशीच मान हलवली आहे. मान हलली म्हणजे डोक्यात गेलं असं नसतं. तू पुण्याला गेलास आणि त्यांनी वहीत लिहिलं, ‘गोल बटण आत दाबणे, रेडिओ चालू. तेच फिरवणे, आवाज मोठा. त्याच्यामागची कडी फिरवणे, आवाज पुढून मागे. पुन्हा दाबणे, बंद.’ एवढंच. काठीबद्दल वहीत अवाक्षर नाही! (ते तिला एरियल म्हणतात. मी काठीच म्हणणार.)

मला काय ठाऊक की बटण दाबलं की गाडीच्या गालातून घर्रर्र करत पुरुषभर उंचीची काठी आपोआप वर येते? चैत्राचं ऊन, कुरडया घातलेल्या. अंगणात जागा पुरेना म्हणून मी गाडीच्या पुढच्या पत्र्यावर जुनं धोतर पसरलं आणि त्यावर निम्म्या कुरडया टाकल्या. पत्रा तापतो, छान वाळतात. तुझे दाजी आत बसून उजळणी करत होते, मला दिसले नाहीत. अचानक धोतराचा एक कोपरा उभा राहिला! बन्सी, मी खोटं सांगत नाही, कापड माझ्यासमोर उठून उभं राहिलं, कुरडया घसरून मातीत गेल्या, आणि धोतराला भोक पाडून ती काठी वर निघाली. मी जी किंचाळले ते ऐकून शेजारचे रिटायर झालेले सुभेदार लाटणं घेऊन धावत आले. (त्यांच्या हातात लाटणं का होतं, हा वेगळा विषय आहे. बिचाऱ्यांची सून बाळंतपणाला गेली आहे.) तुझे दाजी काचेतून आनंदाने म्हणतात, ‘बघितलंस का, आपोआप येतं!’ दोन शेर गव्हाच्या कुरडया गेल्या त्याचं काही नाही.

दुसरा धक्का सासूबाईंना. त्यांना गाडीतून खंडोबाला नेलं. त्या मागे एकट्या, आम्ही दोघं पुढे. तुझ्या दाजींनी ती मागची कडी कुठवर फिरवली देव जाणे, पुढे काही ऐकू येईना आणि सगळा आवाज मागे सासूबाईंच्या कानाशी. कुणी गृहस्थ कपाशीला खत किती द्यावं ते सांगत होता. मी वळून पाहते तर सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, अंग चोरून दाराला चिकटलेल्या, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे न बघता म्हणतात, ‘बस बाबा, निवांत बस. पर लई मोठ्यानं नको बोलू, माझं डोस्कं दुखतंय.’ घरी आल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, तो माणूस कुठं उतरला?

हे सगळं मी पोटात घातलं. पण आठ दिवसांपूर्वी दौलताबादला जे झालं त्याने मी पार हादरून गेले आहे, आणि ते तुला सविस्तर कळलंच पाहिजे.

तुला तुझ्या भाचीच्या, शैलाच्या स्थळाचं कळवलंच होतं. दौलताबादचे तात्यासाहेब, पेरूची नि सीताफळाची बाग, दोन मुलगे, थोरल्याचं लग्न झालेलं, धाकटा आपल्या शैलासाठी. घर नाव घेण्यासारखं. ते येऊन शैलाला पाहून गेले, पसंत आहे म्हणाले. शैलाची शाळेतली नोकरी चालू ठेवायची एवढीच आपली अट, त्यावर तात्यासाहेब म्हणाले, ‘आमची कुठं ना हाय? पोरगी शिकलेली हाय, करंल की.’ तुझे दाजी तर तेव्हाच विरघळले. तिथल्या तिथे शब्द दिला. ठरलं असं की आपण त्यांच्या घरी जायचं, घर बघायचं आणि तिथेच भावकीसमोर सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग ब्रह्मदेव आला तरी मागे फिरणं नाही, हे तुला माहीत आहे.

निघायच्या आधी सासूबाईंनी गाडीची दृष्ट काढली आणि लिंबू-मिरची नि काळी बाहुली बांधायला घेतली. मागे बांधू म्हणाल्या तर तुझे दाजी म्हणाले, नंबर झाकतो. पुढे बांधू म्हणाल्या तर म्हणाले, दिव्यावर येतं. म्हणून त्या माउलीने गालावर काय बोंडूक वर आलेलं दिसत होतं त्याला घट्ट गाठ मारली. ते बोंडूक म्हणजे काठीचं डोकं. वाटेत मी यांना रेडिओला हात लावू दिला नाही. पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं, शरणापूर गेलं, आम्ही सुखरूप पोचलो. गाडी अंगणात, तोंड ओसरीकडे. ओसरीवर सतरंजी, भावकीतली दहा-बारा माणसं, मधे ताटात सुपारी. बायका आत. सारजाबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईने, खूप आगत-स्वागत केलं. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊन आले, घर पाहिलं, सगळं नीटनेटकं. मग विहिणीची ओटी भरायची म्हणून खण-नारळाची पिशवी आणायला मी गाडीशी गेले. ओसरीवर तात्यासाहेबांनी सुपारी उचलली होती.

मी गाडीचं दार लावलं नाही तोच घर्रर्र! काठी निघाली वर. काठीच्या टोकाला काळी बाहुली, खाली लिंबू, खाली सात मिरच्या. बाहुली हात पसरून, डुलत डुलत, ओसरीच्या पत्र्याएवढी वर चढली. गाडीत कुणी नाही. आणि त्या रिकाम्या गाडीतून एक खर्जातला बाप्या बोलतो, ‘एकदा घरात शिरली की सगळं आतून पोखरून टाकते. वेळीच बंदोबस्त करा!’ (शेतीचा कार्यक्रम होता. वाळवीबद्दल चाललं होतं. हे मला कळलं, तुझ्या दाजींना कळलं, पण त्या क्षणी सांगायचं कुणाला?)

पुण्यात राहून तू विसरला असशील, पण आपल्याकडे भानामतीचं नाव काढलं तरी माणसं दाराला कडी लावतात. सारजाबाईंनी उंबऱ्यातून ते पाहिलं आणि जी आरोळी ठोकली ती किल्ल्यावर ऐकू गेली असेल. ‘भानामती हाय ही! माझ्या दारात आणली! बघा, बघा, बाहुली चढाय लागली!’ दोन बायका आत पळाल्या. तात्यासाहेबांच्या हातातली सुपारी निसटून सतरंजीखाली गेली. तुझे दाजी ‘एरियल आहे, एरियल आहे’ म्हणत धावले, पण त्या लोकांना एरियल म्हणजे भुताचंच नाव वाटलं. तरीही निभावलं असतं. पण कुणीतरी विचारलं की ती बाहुली बांधली कुणी, आणि आमच्या सासूबाई छाती पुढे काढून म्हणाल्या, ‘मीच बांधली. व्हय, माझ्या हातानं!’

संपलं. तात्यासाहेब माणूस समंजस, त्यांना रेडिओ कळत होता. पण बायकोपुढे आणि भावकीपुढे त्यांचं काही चाललं नाही. शांतपणे तुझ्या दाजींना म्हणाले, ‘पुंजारामराव, गाडी आदुगर भाईर घ्या. सुपारीचं मागनं बघू.’ दुसऱ्या दिवशी निरोप आला, सोयरीक जमणार नाही.

तुझ्या दाजींची दशा बघवत नाही. किल्ली गाडीतच विसरले होते, त्यामुळे आपल्याच हातून पोरीचं लग्न मोडलं असं त्यांनी घेतलं आहे. अर्धी भाकरी खातात. क्रांती चौकातल्या फकिरा मिस्त्रीला आणून दाखवलं. त्याने सगळं खोलून पाहिलं नि म्हणाला, ‘बाई, इसमें कुछ खराबी नै. दबाए बगैर ये उठताच नै.’ (हल्लीच्या मिस्त्र्यांना काही म्हणजे काही कळत नाही.) तेव्हा बन्सी, एवढंच सांगायचं की तुझ्या गाडीने आमचं वाटोळं केलं. मी अडाणी बाई, मला त्यातलं एक बटण कळत नाही, पण असली आपोआप चालू होणारी वस्तू घरात नको. येऊन घेऊन जा. उमाला आशीर्वाद, धाकट्याचा पापा.

तुझी,
अक्का

ता. क. – वरचं पत्र तुझे दाजी चष्मा लावून वाचून गेले, ‘बरोबर लिहिलंस’ म्हणाले आणि भाजी आणायला गुलमंडीवर गेले. हा कागद वेगळा आहे. वाचून झाला की चुलीत घाल. तुमच्याकडे गॅस असला तर गॅसवर.

बटण मी दाबलं.

तू दाजींना शिकवत होतास तेव्हा मी खिडकीत तांदूळ निवडत बसले होते. तेव्हाच माझं पाठ झालं. किल्ली एक खटका पुढे, बटण आत. पिशवी काढता काढता डाव्या हाताने केलं. मी हे केलं यावर माझाच अजून विश्वास बसत नाही. एकतीस वर्षांत यांच्याशी कधी खोटं बोलले नाही (माहेरच्या बाबतीत बोलले ते सोड).

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले ना, तिथे थोरली सून आशा होती. शैलाच्याच वयाची असेल. माठावर झाकण म्हणून एक काचेची चौकट ठेवलेली. मी उचलली, आणि आत बघते तर डी.एड.चं प्रमाणपत्र. प्रथम श्रेणी. नाव तिचं. मी विचारलं, बाई गं, हे इथं? तर ती हसून म्हणाली, ‘मोजून बसतंय, आत्या.’ आणि पुन्हा माठावर ठेवून दिलं. तिलासुद्धा लग्नाआधी कुणीतरी ‘करंल की’ म्हटलं असणारच. बाहेर आले तर ताटातली सुपारी उचललेली. बायकांनी बैठकीत बोलायचं नसतं, यांनी शब्द देऊन टाकलेला, आणि माझ्या हातात काय होतं? तुझी गाडी होती.

शैलाला यातलं काही ठाऊक नाही. स्थळ मोडलं म्हणून एक दिवस गप्प होती. काल शाळेत वर्गाचा निकाल लागला, तिची सगळी पोरं पास झाली, तेव्हापासून पुन्हा बडबड सुरू आहे.

ता. क. २ – आता काम. फकिराच्या बोलण्यामुळे तुझे दाजी फार विचारात पडले आहेत. एकदा वाटतं आपणच किल्ली फिरवून ठेवली, एकदा माझ्याकडे बघत बसतात. या माणसाचा जीव मला असा कुढू द्यायचा नाही, आणि खरं सांगायचं धाडसही नाही. तू इंजिनियर आहेस. कंपनीच्या कागदावर, इंग्रजीत, खाली शिक्का मारून यांना एक पत्र लिही, की या रेडिओत उन्हाने तापलं की आपोआप चालू व्हायचा दोष मुळातच आहे, त्यात चालवणाऱ्याची काही चूक नाही. इंग्रजी आणि शिक्का असला की ते पूर्ण विश्वास ठेवतात. गाडी नेऊ नकोस.

ता. क. ३ – आणि त्या पत्रात, दोष आता दुरुस्त करता येईल, असं मात्र चुकूनही लिहू नकोस. वैशाखात शैलाची आणखी दोन स्थळं बघायची आहेत.