फर्गसचा बिल्ला आणि आपले सांधे

तूवूंबा, मंगळवार

चि. क्लेम यास, ताईचे आशीर्वाद.

थकवा येतो म्हणून लोहाचे टॉनिक दुप्पट केले आहे, असे तू फोनवर म्हणालास. मी ओरडले, तू फोन आपटलास. म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. कागद आपटून आवाज होत नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण ती तुला ठाऊक नाही. गुरे आणि कुत्रा मजेत असतील.

फर्गसच्या दफनाला तू आला नाहीस. (कुंपण दुरुस्त करायचे होते म्हणे. चुलतभाऊ रोज मरत नाही, कुंपण मात्र तुझ्याकडे रोज मोडते.) चर्चच्या हॉलमध्ये चहा होता आणि चहाबरोबर कुजबुजही. जन्मभर दारूला न शिवलेला, कोटावर दारूबंदीचा बिल्ला लावून हिंडणारा माणूस यकृत सडून जातो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार, असा सगळ्यांचा हिशेब. तूही फोनवर विचारलेसच, "बाटल्या लपवायचा कुठे गं तो?" त्याची बायको इम्मेल्डा सँडविचच्या ताटामागे उभी राहून हे सगळे ऐकत होती.

तेवढ्यात डॉ. रोवीना गॉल आल्या. ब्रिस्बेनला लोहाच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करतात. फर्गसचे निदान त्यांनीच केले होते, पण फार उशिरा. सांत्वनाला त्यांनी फर्गसच्या थोरल्या भावाचा, आपल्या जार्लथदादाचा, हात हातात घेतला तो सोडीचनात. पहिल्या दोन बोटांचे सुजलेले सांधे दाबत राहिल्या. त्याची बायको थेल्मावहिनी कडाडल्या, "अहो बाई, सोडा की हात! लग्न झालंय त्यांचं, नातवंडं आहेत!" डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, हात तुमचाच. मला फक्त रक्त हवंय."

मग त्या खुर्चीवर चढल्या (उंची बेताची आहे) आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे बोलल्या. आपल्या आयरिश रक्तात एक बिघडलेले जनुक फिरते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती आल्या की शरीर लोह साठवतच राहते. यकृतात, हृदयात, सांध्यांत. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराण्याचा तांबूस वर्ण आणि गाईंच्या धारा काढून सुजलेले सांधे म्हणून मिरवतो, तो बहुतेक गंज आहे. "फर्गस प्यायले नाहीत," त्या म्हणाल्या, "एक थेंबही नाही." इम्मेल्डा ताट खाली ठेवून रडली.

पाद्रीबाबांच्या परवानगीने त्यांनी रविवारच्या शाळेच्या खोलीत नळ्या मांडल्या. त्यांचा खरा शोध पुढेच आहे: दोन्ही प्रती असूनही एकाचे यकृत जाते आणि दुसरा ऐंशीव्या वर्षी नाचतो, हे का? त्यासाठी त्यांना सख्खी भावंडे लागतात. म्हणून ही बाई बर्फाची पेटी घेऊन गावोगाव हिंडते आणि शिळे लॅमिंग्टन केक तक्रार न करता खाते. (मी केलेले दोन खाल्ले. धैर्य म्हणतात ते हे.) उपाय तर इतका साधा की तुलाही कळेल: रक्त काढत राहायचे. जार्लथदादा आता रक्त देऊन येतो आणि युद्ध जिंकल्यासारखा सोफ्यावर पडतो.

तुझी,
बर्नाडेट

ता. क. मी केवळ सोबत म्हणून नळीपुढे हात केला होता. माझ्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. बायकांना निसर्गाने दर महिन्याला फुकटात वाचवलेले असते, म्हणून माझे फारसे बिघडले नाही. तुला ती सोय नव्हती. सख्ख्या भावाला तेच असण्याची शक्यता चारात एक, आणि त्यावर तू टॉनिक ओततोस. क्लेम, सख्खी भावंडे म्हणून आपण दोघेच उरलो आहोत. मला तुझ्या दफनाचा चहा करायचा नाही.

दुसरा ता. क. थेल्मावहिनी शनिवारी तुझ्याकडे यायला निघत आहेत. त्यांच्या हाती दिले: हे पत्र, फळांचा केक (तो तुमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे राहील, तू बाही वर केल्यावरच मिळेल), आणि इम्मेल्डाने तुझ्यासाठी काढून दिलेला फर्गसचा बिल्ला. बिल्ला ठेवून घ्यायचा नाही. रक्त देऊन झाले की तू स्वतः जाऊन तिच्या हातात परत द्यायचा.