खाऱ्या पाण्यातली चौथी ओळ

३ फेब्रुवारी

टक् टक् टक् टक्. साठ वर्षं होऊन गेली, तरी नव्या जागी पाऊल टाकलं की हाच आवाज आधी कानात येतो. चौथीच्या वर्गात गुरुजी पितळी कडेची पट्टी टेबलावर आपटून कवितेचा ठेका धरायचे. एका ओळीला चार ठोके. तीन ओळी स्वतः म्हणत, मग पट्टी थांबे. ज्याच्याकडे बघतील त्यानं चौथी म्हणायची. अंगात कायम कोट, डोळ्यांवर जाड चष्मा. आम्ही त्यांना पट्टीगुरुजी म्हणायचो.

आज लेकीकडे कायमचा राहायला आलो. खोली झकास आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. गुरुजी आमची सहल घेऊन आले होते तो हाच किनारा. लेकीला त्यातलं काही ठाऊक नाही. तिची इथं बदली झाली, तिच्या मागून मी आलो, इतकंच.

नात सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. हॉलमध्ये गोड्या पाण्याची टाकी आहे, तीत चार उदास मासे. भिंगरीला हवाय नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा, समुद्रातला. मी म्हटलं, त्यात काय, महिन्याभरात घरात समुद्र आणून देतो! लेक म्हणाली, बाबा, चहात साखर घातली की नाही ते तुम्हाला आठवत नाही, समुद्र कसला आणताय.

७ फेब्रुवारी

गोडे मासे दुकानदाराला देऊन टाकले. टाकी रिकामी केली, जुने खडे काढले आणि भांड्यांच्या साबणानं काच लख्ख घासली. दुकानदारानं कपाळाला हात लावला. आजोबा, साबणाचा एक थेंब राहिला तरी मासा मेला म्हणून समजा! पुन्हा दहा पाण्यांनी धुतली. कंबर धरली. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही म्हणे. त्यांचं वेगळं मीठ बादलीत घालून दिवसभर पंपानं ढवळायचं, मग यंत्रानं खारटपणा मोजायचा.

१२ फेब्रुवारी

रोज सकाळी पाणी दोन बोटं उतरतं. मी रोज खारं पाणी ओतून भरत गेलो आणि काटा रोज वर चढत गेला. दुकानदार हसून म्हणाला, अहो, उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. भर गोड्या पाण्याची घालायची. या वयात पहिलीतल्या पोरासारखं शिकून घेतलं. त्यात पाणी ताकासारखं गढूळ. लेक येता-जाता विचारते, कढी झाली का?

पाणी जिवंत करायला दगड लागतात. त्यांच्या भोकांतले बारीक जीव घाण खातात. दुकानातले दगड मात्र शिळ्या बिस्किटांसारखे. किनाऱ्यावरचा उचलू नका, सोबत काय येईल सांगता येत नाही, असं त्यानं बजावलं.

१४ फेब्रुवारी

ओहोटीला काळ्या खडकांवर गेलो होतो. नारळाएवढा दगड आणला. नेमक्या त्याच कपारीतला का आणला, मला विचारू नये.

१७ फेब्रुवारी

पाणी आरशासारखं नितळ! भिंगरी टाकीपुढे नाचली. मीही थोडा नाचलो, गुडघ्यानं परवानगी दिली तितका.

मासा पुढच्या आठवड्यात.

१९ फेब्रुवारी

दगडातून आवाज येतो. टक्. दुकानदार म्हणतो, दगडात लपून आलेली कोळंबी असेल, नांगी आपटते. धरली नाही तर ती माशालाच खाईल. बाटलीचा सापळा लावला. दोन दिवस रिकामाच. पंप बंद करून पाहिला, हीटर बंद करून पाहिला. चिडून टाकीवर थाप मारली, तर आतून उलट थाप आली.

२१ फेब्रुवारी

आज मोजले. चार. चार. चार. मग शांत.

पुन्हा चार. चार. चार.

२२ फेब्रुवारी

जेवताना भिंगरी चमच्यानं ताटावर ठेका धरून म्हणत होती —

लाटेमागुन लाट येतसे
तीराला ती पुसते काही
कोण राहिले मागे, सांगा —

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ही कविता मी घरात कधीच म्हटलेली नाही. कुणी शिकवली विचारलं, तर म्हणाली, दगडातल्या सरांनी. पुढची ओळ आजोबांना येते, असंही ते म्हणाले म्हणे.

२४ फेब्रुवारी

लिहून टाकतो. आजवर कुणाला सांगितलं नाही. सहलीत त्या खडकांवर गुरुजींनी तीन ओळी म्हटल्या आणि माझ्याकडे बघितलं. मला चौथी आठवेना. सगळा वर्ग हसला. रागानं मी त्यांची पट्टी कपारीत खोल सारली. निघताना ते पट्टी शोधायला मागे थांबले. भरती येत होती. ते परत आलेच नाहीत. गुरुजी मागे कशाला राहिले, असं सगळे विचारत होते — मी गप्प.

मी गप्प राहिलो.

२५ फेब्रुवारी, सकाळ

दगड फोडला. आत पितळी कड. अर्धी पट्टी, शिंपल्यांनी गिळलेली.

लेक वैतागली. पसारा तुम्ही करायचा, निस्तरायचा मी, म्हणाली. दगड होता तिथे, काळ्या खडकांवर टाकून ये, एवढंच मी सांगितलं. मला त्या जागी पाय टाकवेना. तुकडे पिशवीत भरून ती गेली. भिंगरी हट्टानं बरोबर गेली.

पट्टी मी दिली नाही. लेकीनं काय म्हणून विचारलं असतं तर — कपाटात, धोतरांखाली ठेवलीय.

दुपार, साडेतीन

पुन्हा लपवली. पुन्हा तीच —

खिडकीतून खडक दिसत नाहीत. भरती.

लेक फोन उचलत नाही. दहा वेळा केला.

टाकीत दगड नाही. पंपही बंद. तरी पाणी हलतंय.

चार वाजता

दारावर. चार. चार. चार. मग शांत.

भिंगरीच असेल, तिलाच तो ठेका — पट्टी हातात घेतलीय. देऊन टाकतो. सगळं सांगतो.

दाराच्या भोकातून पाहिलं. ओला कोट. चष्मा नाही. एक हात पुढे, पट्टी मागणारा. दुसऱ्या हाताच्या बोटाला धरून भिंगरी. केसांतून पाणी गळतंय. लेक नाही.

ती वर बघतेय. ओठ हलतात — आजोबा, म्हणा ना —

आठवली. आज आठवली. म्हटली नाही तर तिला परत नेतील — म्हटली तर —

अजून कोणी परतत ना—