दिव्यासमोर धरलेलं अंडं

रवि., ६ जुलै
शेजारच्या टिटाने उकडलेली बदकाची अंडी आणून दिली. टिटा म्हणजे फिलिपिनोंची मावशी. सिडनीतलं आमचं सगळं टूनगॅबी तिला टिटाच म्हणतं. अंड्यात अर्धवट वाढलेलं पिल्लू. चोचीसकट! मी सिंककडे धावले. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे. "हाउ मेनी मंथ्स?"
झालं. तीन महिने कुणाला सांगू नकोस, असं आईने बजावलं होतं. मागच्या वेळी आनंदाने सगळ्यांना सांगून बसले, आणि मग एकेकाला परत फोन करून… नको ते.

मंगळ., ८ जुलै
वर्क फ्रॉम होम. टिटा आलं घातलेली पेज घेऊन हजर. तोंडाचा पट्टा चालू. तिचं गाव पातेरोस, मनिलाला अगदी चिकटून. एवढंसं. आजूबाजूची सगळी गावं शहरं झाली, हे अजून गावच. "स्टिल नॉट अ सिटी!" अभिमान की राग, कळेना.
नावच बदकांवरून पडलेलं. नदीकाठी घरोघर बदकं. एक मगर ती खायची, एका ख्रिस्ती संतिणीने तिचा बंदोबस्त केला म्हणे, म्हणून अजून जत्रा. मगरीपासून वाचली, पण पुढे नदीच घाण झाली आणि बदकं गेली. आता अंडी बाहेरून येतात, उबवायचं काम पातेरोसचं.
म्हटलं, बदकंच नाहीत तर बदकांचं गाव कसलं? भडकली. "नाव कुणी काढून घेतलंय का?"

गुरु., १०
आज परत पेज, परत गप्पा. टिटाचे वडील अंडी उबवायचे. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं. शिरा दिसल्या तर जीव आहे. नाहीतर बाजूला.
"बाजूला म्हणजे?"
"विकायचं. स्वस्तात. लोकांना तेही आवडतं."
डोकंच फिरलं माझं. हे माझ्यासमोर बोलायचं? पेजेचा वाडगा तसाच तिच्या हातात दिला आणि दार लावलं. नि. म्हणतो, "अगं, धंद्याचं बोलत होती ती. चिल." नवऱ्याच्या चिलचं लोणचं घाला!

शुक्र., ११
नि. पहाटेच ऑफिसच्या कामाला मेलबर्नला गेला. सकाळी रक्त. थोडंच, पण आहे.
आईला फोन. "अगं, कुणाला तरी बोलावून घे." कुणाला, आई? कुणाला माहितीये? ती तिकडे बुद्धवंदनेला बसली. नि.ला संध्याकाळशिवाय कुठल्याच फ्लाइटमध्ये जागा नाही. खूप भीती वाटतेय.
टिटाचं दार वाजवलं. अ‍ॅप्रन तसाच, तिने गाडीची किल्ली घेतली.

त्याच दिवशी, वेस्टमीड हॉस्पिटल
स्कॅनसाठी बसलोय. पर्समध्ये वही होती म्हणून बरं. टिटा पुटपुटतेय, बहुतेक त्या मगरवाल्या संतिणीला.
विचारलं, "तुम्हाला आधीच कळायचं का गं, अंड्यात जीव आहे की नाही? नुसतं हातात घेऊन?"
"नाही. दिव्याशिवाय कुणालाच नाही." मग म्हणाली, "मी घाई करायचे, अंडी आपटायचे. बाबा ओरडायचे. बघेपर्यंत प्रत्येक अंडं जिवंतच आहे, तसंच धरायचं."
नर्स आली. सोबतीला आत एकच माणूस चालेल. "शी युअर मम?"
"टिटा," मी म्हटलं.
नाव पुकारलंय. हात पोटावर आहे. सावकाश उठते.