मधलं तेवढं राहिलंय

१ जानेवारी, सकाळ
कामाला लागण्याआधी सगळ्यांची विचारपूस. घड्याळजी, कसे आहात? तुमचा खोकला मी दुसऱ्या प्रकरणात सुरू केला आणि थांबवायचा विसरलो. शिवणवाल्या बाई, बऱ्या आहात ना? दाराआड उभं राहून पाय भरून आले असतील. बाईंच्या आई, तुमचे गुडघे? पोस्टमनकाका, तुमची सायकल पंक्चर आहे हे ध्यानात आहे. आणि मांजरा, तुला एका प्रकरणात मारलं नि पुढच्यात दूध पाजलं. राग धरू नकोस, तब्येत सुधारली असं समज.
माझी प्रकृती उत्तम. यंदा कादंबरी पूर्ण. काळ्या दगडावरची रेघ.

५ जानेवारी
कथा पक्की आहे. घड्याळजी दुरुस्त केलेलं घड्याळ घेऊन शिवणवाल्या बाईंच्या दारात येतो, बेल वाजवतो. बाई दार उघडतात की नाही, यावर सगळं आहे. बेल वाजून चार वर्षं झाली. एवढा वेळ बेल घुमत ठेवणं सोपं नाही.
माझं शिक्षण बेताचं, पण न्यूनगंड नाही. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, अक्षरओळख तिथेच पक्की झाली. पुस्तकवाल्यांना वाचक शोधत फिरावं लागतं. माझं लिखाण लोक उन्हात उभं राहून वाचत. 'येथे वाहने लावू नयेत' हे माझं सर्वांत गाजलेलं वाक्य. पाळलं कुणी नाही, वाचलं सगळ्यांनी.
आज शीर्षकाचं पान नव्याने केलं. अक्षरांची सावली या वेळी डावीकडे दिली. फार फरक पडतो.

९ जानेवारी
ताईचा फोन. आई लवकर गेली, मला वाढवलं ते ताईने. माझा पहिला ब्रश तिने आणला, स्वतःची चप्पल वर्षभर खिळा ठोकून वापरली. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे, मार्चच्या मध्यावर. म्हणाली, डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, म्हणजे असणार. मग म्हणाली, ठोंब्या, मला एवढंच सांग, ती बाई दार उघडते का? एकदा कळलं म्हणजे मी निवांत आत जाईन.
मी म्हणालो, शेवट आधी फोडला तर मजा जाते. ऑपरेशनच्या आधी स्वतः येऊन वाचून दाखवीन. शब्द मागितला तिने. दिला.
उत्कंठा म्हणतात ती हीच. वाचक कसा मुठीत ठेवावा हे शिकवून येत नाही.

१७ जानेवारी
खोलीच्या दारावर पाटी लावली: 'लेखक कामात आहेत. व्यत्यय आणू नये.' आठ दिवस लागले. 'व्यत्यय'मधला जोड फार छळतो.
ही म्हणाली, अक्षर झकास आलंय, पण आठवडाभर तुम्ही पाटीच करत होतात, मग लेखक कुठल्या कामात होते?
बायकोला पूर्वतयारी समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२ फेब्रुवारी
चूक सापडली. आधी माणूस म्हणून वाढलं पाहिजे, लिखाण आपोआप वाढतं. फोनवर 'लेखकाची अंतःशक्ती' नावाचा कोर्स सुरू केला. पहिला धडा: पहाटे उठणे. दुसरा: स्वतःशी प्रामाणिक राहणे. तिसरा: स्वतःला क्षमा करणे.
उद्यापासून पहाटे पाच.

३ फेब्रुवारी, साडेनऊ
थेट तिसऱ्या धड्यावर आलो. प्रगती वेगाने चालू आहे.

१० फेब्रुवारी
ही भाजी चिरत होती. तिला सगळं कथानक पुन्हा सांगितलं. सांगितल्याने गुंता सुटतो, त्यासाठी समोर साधा श्रोता लागतो. ही म्हणाली, इतका घोळ कशाला? बाई कपडे धूत असेल, हाताला साबण असेल, पुसून येईल की.
मी हसलो. साहित्य इतकं सरळ असतं तर धोब्यांनी लिहिलं असतं. साबण मात्र घ्यायला हरकत नाही.
हल्ली रोज दुपारी ही फोन घेऊन मागच्या गॅलरीत जाते आणि ताईशी तासभर बोलते. मधूनच हसू ऐकू येतं. नणंद-भावजयीचं इतकं सूत कुठे पाहिलं नाही. विषय काय असतो कोण जाणे. बहुधा मीच.

२४ फेब्रुवारी
लिहिलं! 'दाराआड पावलं वाजली.' एका बैठकीत.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
पावलं वाजतात का? दुपारभर घरात अनवाणी चालून पाहिलं. वाजत नाहीत. ही म्हणाली, काही हरवलंय का? ओळ खोडली. पण संशोधन पदरात पडलं.

६ मार्च
आज मोठा टप्पा गाठला. 'समाप्त' रंगवलं. आयुष्यातलं सर्वांत देखणं अक्षर, शेवटच्या 'त'ला असा काही झोक आलाय की पुसायचं धाडस होऊ नये. म्हणजे शीर्षक तयार, समाप्त तयार. मधलं तेवढं राहिलंय.
हिला दाखवलं. म्हणाली, नदीचे दोन्ही काठ बांधून झाले, आता पाणी कुठून आणणार?
मी म्हणालो, ताईला कळव, जवळजवळ झालंच आहे. ही म्हणाली, काय झालंय म्हणून कळवू? मी पाटीकडे बोट दाखवलं.

१४ मार्च
परवा ऑपरेशन. आज निघायचं होतं. शेवट हातात नसताना रिकाम्या हाती जाणं ताईलाच आवडलं नसतं. फोन केला आणि खोकला झालाय म्हणून सांगितलं. घड्याळजीचाच उसना घेतला, त्याला तसाही चार वर्षं पुरून उरलाय. ताई म्हणाली, येऊ नकोस रे बाबा, जप, गरम पाण्याची वाफ घे. छाती तिची उघडायची आणि वाफ मी घ्यायची. फार मायाळू बाई.
ही एकटीच गेली. निघताना दारावरची पाटी वाचली, मला नीट झोपा म्हणाली, बॅग उचलली. समजूतदार आहे.

१५ मार्च
घर रिकामं. लेखकाला याहून काय हवं? टेबलाशी बसलो. घड्याळजीही तिकडे उभा, मीही इकडे बसलेला. कुणीच कुणाला काही विचारलं नाही. डोळ्यांना पाणी आलं. टर्पेंटाइनची बाटली उघडी राहिली असणार.

१६ मार्च, दुपार
हिचा फोन. सगळं नीट झालं म्हणाली. मी काही विचारणार तोच ठेवला.
टर्पेंटाइनची बाटली बंदच होती. असो.

२१ मार्च
ताई स्वतः बोलली. आवाज बारीक झालाय, जीभ पहिल्यासारखीच. म्हणाली, ठोंब्या, शेवट ऐकला रे. तू आजारी, म्हणून आदल्या संध्याकाळी हिने सगळा सांगितला. रोज दुपारी थोडा थोडा सांगतच होती, पण दार उघडायचं राखून ठेवलं होतं. किती गोड केलंस. बाई जे बोलते ना दारात, ते आठवत आठवत मी स्ट्रेचरवर पडले. नर्स म्हणाली, आजी, हसताय कशाला? आणि मांजर! ते तसं येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुला माणसं इतकी कळतात हे मला आजवर कळलं नव्हतं.
मी नम्रपणे म्हणालो, शेवटावर मेहनत जरा जास्तच घेतली.

२३ मार्च
ही परत आली. पाय धुऊन बसते न बसते तोच सहज विचारलं, ताईला काय सांगितलंस?
म्हणाली, तुमच्या कादंबरीचा शेवट.
मी म्हणालो, हो, पण कोणता?
म्हणाली, अहो, तुमचीच कादंबरी, तुम्हालाच माहीत नाही?
मी म्हणालो, पडताळून पाहायचाय. म्हणाली, लिहून झाला की दाखवा, मग पडताळू.
चहानंतर पुन्हा विचारायला गेलो तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. त्यावर माझी पाटी. लेखक कामात आहेत. व्यत्यय आणू नये.
अक्षर खरंच सुबक आहे. लांबूनही चटकन वाचता येतं.

२४ मार्च
ताईला पत्र टाकतोय. फोनवर ही ऐकते. कच्चा मसुदा इथेच करतो.
'ती. ताईस नमस्कार. टाके ओढतात का? झोप लागते का? जेवण जातं का? तुझे पाय सुजायचे ते उतरले का? नर्सबाईंनाही विचारलंय म्हणून सांग. माझा खोकला गेला.
एक लहानसं काम. तुला शेवट आवडला म्हणालीस, पण नेमकं काय आवडलं ते राहून गेलं. बेल वाजल्यापासून सगळं सविस्तर कळव. बाई दारात काय म्हणाली, त्यावर घड्याळजी काय म्हणाला, आणि मांजर कुठून आलं. मला अर्थातच ठाऊक आहे. वाचकापर्यंत किती पोचलं, तेवढंच बघायचंय. हिला यातलं काही बोलू नकोस.
तब्येतीला झेपेल तसं लिही, पण ताई, लवकर लिही. तो बिचारा फार दिवस दारात उभा आहे.'